प्रकल्पाची कच्ची वही मागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळा-कॉलेजांत प्रकल्प जमा करायची वेळ आली, की झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बायंडिंगसाठी रांग लागते. गुणही बहुधा त्या रंगीत मुखपृष्ठालाच पडतात. शेतात, विहिरीवर ज्या वहीत नोंदी झाल्या, ती मात्र 'फेअर' उतरवून झाली की रद्दीत जाते.

सुटे कागद नकोतच. शिवलेली २०० पानी वही घ्यावी, पानांवर आधीच क्रमांक टाकावेत. जेल पेनची शाई पावसात पसरते. साधे बॉलपेन बरे. उजव्या पानावर पाहिलेले, मोजलेले, ऐकलेले तेवढेच. शंका आणि अंदाज डाव्या पानावर. नाहीतर 'पाणी खाली गेले' हे मोजून लिहिले की वाटले म्हणून, हे महिन्याभराने लिहिणाऱ्यालाच सांगता येत नाही. चुकले तर एक आडवी रेघ मारावी. व्हाइटनर नको, खोडलेला आकडाच कधीकधी बरोबर निघतो.

आपल्याकडे कपाशीतले कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) हा मुलांचा आवडता विषय. सलग ३ रात्री दर सापळ्यात दर रात्री ८ पतंग आले, तर गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, म्हणजे आता उपाय करायलाच हवा, असे धरतात. मुले रविवारी सापळा पाहत नाहीत आणि रकान्यात शून्य टाकतात. शून्य म्हणजे पाहिले आणि पतंग नव्हता. न पाहिलेल्या दिवशी 'पाहिले नाही' असेच लिहावे, आणि सोमवारचे पतंग दोन रात्रींचे आहेत हेही. मोजून झाल्यावर सापळा रिकामा केला का, ल्यूर (सापळ्यातली गंधाची गोळी) कोणत्या तारखेला बदलली, याचीही नोंद हवी. जुन्या ल्यूरकडे पतंग कमी येतात आणि पोरं 'कीड आटोक्यात' असा निष्कर्ष काढून मोकळी होतात!

विहिरीची पातळी मोजताना कठड्याची उंची वजा करावी, मोटर कधी बंद केली ती वेळ टाकावी. म्हातारे शेतकरी 'मिरगात पेरलं' म्हणाले, तर तेच शब्द उतरवावेत; परस्पर ८ जून करू नये, मृग पंधरवडाभर चालतो. पुस्तकातला मजकूर घेतला, तर पान क्रमांक तिथल्या तिथे.

तपासणाऱ्या शिक्षकांनी बायंडिंग बाजूला ठेवून ही कच्ची वही मागावी, मधलेच एखादे पान उघडून त्या दिवसाबद्दल विचारावे आणि निम्मे गुण त्यावर द्यावेत.

— काही विज्ञान शिक्षक, आर्वी तालुका, जि. वर्धा