शहराची खाद्यश्रेष्ठता कशावरून ठरवावी?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जगात सर्वोत्तम खाणे कोणत्या देशात आणि सर्वोत्तम उपाहारगृहे कोणत्या शहरात, याविषयी आपल्या वाचकपत्रांत सुरू असलेली चर्चा मी आवडीने वाचत आहे. टोकियो, पॅरिस, लिमा, बँकॉक ही नावे त्यात वारंवार आली आणि बहुतेक पत्रलेखकांनी मिशेलिनचे तारे किंवा ‘वर्ल्ड्स फिफ्टी बेस्ट’ ही जगातील सर्वोत्तम उपाहारगृहांची यादी पुरावा म्हणून पुढे केली. या शहरांच्या थोरवीविषयी मला शंका नाही, मात्र हा पुरावा दिसतो तितका भक्कम नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोटारींचा प्रवास वाढावा, म्हणजे टायर अधिक खपतील, या हेतूने एका फ्रेंच टायर कंपनीने १९०० मध्ये काढलेली पुस्तिका म्हणजे मिशेलिन गाइड. तिने उत्तम उपाहारगृहांना तारे देण्यास १९२६ मध्ये सुरुवात केली. टोकियोसाठी पहिली आवृत्ती २००७ च्या नोव्हेंबरात निघाली आणि तेथील १५० उपाहारगृहांना मिळून १९१ तारे मिळाले, म्हणजे पॅरिसपेक्षाही कितीतरी अधिक. आदल्या दिवशी टोकियोच्या नावावर एकही तारा नव्हता, परंतु तेथील सुशी तीच होती आणि ती करणारे हातही तेच होते. बँकॉकच्या आवृत्तीसाठी थायलंडच्या पर्यटन प्राधिकरणाने पैसे मोजले, हेही जगजाहीर आहे. भारतातील एकाही शहरासाठी ही मार्गदर्शिका आजवर निघालेली नाही. तेव्हा लखनौ, हैदराबाद किंवा कोलकाता तिच्यात नाहीत यावरून त्या शहरांच्या खाण्याविषयी काहीही सिद्ध होत नाही. ‘फिफ्टी बेस्ट’मध्ये २०२३ साली लिमाचे ‘सेंट्राल’ आणि २०२५ साली त्याच शहरातील ‘माइडो’ पहिले आले. लिमा ज्याची राजधानी आहे त्या पेरू देशाच्या पाककलेचा हा मोठाच गौरव आहे, पण तो दोन उपाहारगृहांचा गौरव आहे; लिमातील बसचालक दुपारी काय जेवतो, हे त्यातून कळत नाही.

माझ्या मते शहराची परीक्षा याच प्रश्नावर व्हावी. बेताच्या मिळकतीच्या माणसाला घराजवळ किंवा कामाच्या ठिकाणाजवळ चविष्ट, स्वच्छ आणि परवडणारे जेवण रोज मिळते का? या कसोटीवर मी सिंगापूरचे नाव सर्वांत वर ठेवीन. तेथे १९६८-६९ मध्ये रस्त्यावरील सुमारे १८,००० फेरीवाल्यांची नोंदणी झाली आणि १९७१ ते १९८६ या काळात त्यांना टप्प्याटप्प्याने नळाचे पाणी, सांडपाण्याची वाहिनी आणि कचऱ्याची सोय असलेल्या छताखालच्या गाळ्यांत हलवण्यात आले. हीच तेथील ‘हॉकर सेंटर’. आज त्यांची संख्या शंभराहून अधिक असून १९९७ पासून गाळ्यांना स्वच्छतेची श्रेणी देण्याची पद्धतही सुरू झाली. लिटल इंडियातील टेक्का सेंटरमध्ये खाली मासळी-भाजीचा बाजार आणि शेजारीच डोसा, बिर्याणी, पराठा, मलय पद्धतीचा नारळाच्या दुधातला भात आणि चिनी नूडल्स एकाच छताखाली मिळतात, आणि साहेब व सफाई कामगार एकाच प्रकारच्या मेजांवर जेवतात. २०१६ मध्ये मिशेलिनने चायनाटाऊनमधील एका गाळ्यावरच्या कोंबडी-भाताला तारा दिला, तेव्हा त्या ताटाची किंमत दोन सिंगापुरी डॉलरच्या आसपास होती. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने ही हॉकर संस्कृती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

या व्यवस्थेतही दुखणी आहेत. फेरीवाल्यांचे वय साठीच्या घरात पोहोचले आहे, पहाटे उठून मटणाचा रस्सा उकळत ठेवण्याचे काम मुलांना नको आहे, आणि जेवण स्वस्तच राहावे या गिऱ्हाइकांच्या अपेक्षेचा भार शेवटी रांधणाऱ्याच्या कमाईवर पडतो. सुरुवातीच्या पिढीला सवलतीच्या भाड्याने गाळे मिळाले होते. नव्याने येणाऱ्यांना तशी सवलत नाही. तरीही खाण्याची जागा ही रस्ते आणि पाणीपुरवठ्याइतकीच नगराची जबाबदारी आहे, हे त्या शहराने पन्नास वर्षांपूर्वी मान्य केले, याचे मोल मला कोणत्याही ताऱ्याहून अधिक वाटते.

मुंबईचा विचारही याच अंगाने व्हायला हवा. गिरणगावातल्या खानावळी, इराणी हॉटेले, माटुंग्याची उडुपी उपाहारगृहे आणि स्टेशनाबाहेरचा वडापाव यांनी या शहरातील कष्टकऱ्यांना पिढ्यानपिढ्या जेवू घातले आहे, आणि चवीच्या बाबतीत त्यांना कोणाच्या प्रशस्तिपत्राची गरज नाही. उणीव आहे ती गाडीजवळच्या नळाची आणि गटाराची, आणि आपली गाडी उद्याही इथेच उभी असेल या खात्रीची. फेरीवाल्यांसाठीचा २०१४ चा केंद्रीय कायदा नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा फेरीवाल्यांच्या प्रतिनिधींना देतो आणि दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करण्यास सांगतो. कायदा होऊन दशक उलटले, तरी पदपथावरचा वाद पाहता त्याचा लाभ रांधणाऱ्यालाही नाही आणि पादचाऱ्यालाही नाही.

आपल्या वृत्तपत्राने ही चर्चा पुढे चालू ठेवावी, मात्र यापुढे शहरांची तुलना करताना प्रत्येक शहरातील साध्या जेवणाची किंमत आणि तेथील पालिकेने खाद्यविक्रेत्यांसाठी केलेली पाण्याची व जागेची सोय यांचीही माहिती द्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, ठाणे