आगारातल्या माणसांचे मनापासून आभार

एसटीत वाहक म्हणून आम्ही काही मुली नव्याने रुजू झालो, तेव्हा ज्यांनी पहिल्या दिवसापासून आपलं मानलं, त्या सगळ्यांचे आभार. नावं घेत नाही, तुम्हालाही ते आवडणार नाही.

तिकीट यंत्र प्रशिक्षणात शिकलो होतो. पण खचाखच भरलेली गाडी, पुढचा थांबा जवळ आलेला, त्यात 75 ओलांडलेल्या आजोबांचं शून्य रकमेचं तिकीट, बायकांचं अर्धं, शाळेच्या पोरांचे पास, आणि सगळ्यांच्या हातात पाचशेची नोट! तेव्हा एका चालककाकांनी कपाळाला आठी न घालता गाडी बाजूला घेतली. “सावकाश फाड तिकिटं, मग दे डबल बेल,” एवढंच म्हणाले. मोठा आधार वाटला.

रात्री हिशेब जुळेना, तर घरी निघालेले ज्येष्ठ वाहक पिशवी खाली ठेवून परत बसले. वेबिलावरची, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदावरची, एकेक ओळ त्यांनी माझ्याकडूनच तपासून घेतली, स्वतः करून दिली नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. मदत करणारे भेटतात, पण शिकू देणारे कमी.

आणि विश्रांतीगृहातल्या ताई, तुम्ही तुमच्या कपाटातला अर्धा कप्पा मला रिकामा करून दिलात. डबाही वाटून खाल्लात.

पुढच्या आठवड्यात आणखी मुली येताहेत म्हणे. ताई, त्या कप्प्यातली माझी जागा त्यांच्यातल्या एकीला दिली तर चालेल ना?