आळीपाळीच्या डिस्क आणि बॅकअपचे वेळापत्रक : एक आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

आमच्या संपादन मंडळाच्या संगणकावर असलेली हस्तलिखितांची स्कॅन, त्यांच्या टंकलिखित प्रती आणि संपादकीय टिपा यांचा बॅकअप तीन बाह्य हार्ड डिस्कवर आळीपाळीने आपोआप व्हावा, यासाठी आपण जी व्यवस्था लावून दिलीत आणि तिच्यामागचा विचार ज्या निगुतीने समजावून सांगितलात, त्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते जाहीर लिहिण्याचे कारण असे की, तीन डिस्क आणून दर सोमवारी एक काढावी आणि दुसरी जोडावी, एवढ्यावर काम भागते असे समजणारे पुष्कळ जण आहेत. आपण दाखवून दिलेल्या गोष्टी त्यांच्याही उपयोगी पडतील.

आपण सुरुवातीलाच विचारलेला प्रश्न साधा होता : यातल्या कोणत्याही दोन डिस्क निकामी झाल्या, तर उरलेल्या एकीवरून सगळे काम पुन्हा उभे करता येईल का? फक्त बदललेल्या फायली उचलणारा बॅकअप डिस्क बदलत्या असताना कसा दगा देऊ शकतो, हे त्या प्रश्नातून उलगडत गेले. विंडोजमध्ये फाइल बदलली की तिच्यावर ‘आर्काइव्ह’ ही खूण चढते, आणि या खुणेवर विसंबणारा प्रोग्रॅम फाइलची प्रत घेऊन झाली की ती खूण पुसून टाकतो. आमच्या तीन डिस्कना आम्ही ‘क’, ‘ख’ आणि ‘ग’ म्हणतो; ‘क’ डिस्क जोडलेली असताना प्रत घेतली गेली आणि खूण पुसली गेली, की पुढच्या आठवड्यात ‘ख’ जोडल्यावर त्या प्रोग्रॅमच्या लेखी ती फाइल बदललेलीच नसते. काही बदल एका डिस्कवर, काही दुसरीवर, आणि एकही डिस्क स्वतःपुरती पूर्ण नाही, अशी अवस्था त्यातून तयार होते. पडद्यावर मात्र रोज काम यशस्वी झाल्याचाच संदेश येत राहतो. म्हणून संगणकावरील खुणेवर न विसंबता, त्या क्षणी जोडलेल्या डिस्कवर प्रत्यक्ष काय आहे ते पाहून, फाइलचा आकार आणि बदलाची वेळ ताडून प्रत घ्यायची, हा मार्ग आपण धरलात आणि त्यासाठी विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही आज्ञा वापरलीत. आता प्रत्येक डिस्क आपापला हिशेब आपणच पुरा करते, आणि मधले दोन आठवडे ती कपाटात होती याने काही बिघडत नाही.

त्याहून अधिक काळजी आपण डिस्कच्या ओळखीबाबत घेतलीत, आणि माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेचा कणा तोच आहे. ड्राइव्हला मिळणारे अक्षर ही त्या डिस्कची ओळख नव्हे. आज ‘ई’ म्हणून दिसणारी डिस्क उद्या आधी एखादा पेन ड्राइव्ह जोडलेला असला तर ‘एफ’ म्हणून उभी राहू शकते. रोबोकॉपीला ‘एमआयआर’ हा पर्याय दिला की ती मूळ फोल्डरचे हुबेहूब प्रतिबिंब तयार करते, म्हणजे मूळ ठिकाणी नसलेले जे काही पलीकडे सापडेल ते पुसूनही टाकते. ही दोन सत्ये एकत्र आली, तर कोणा सहकाऱ्याच्या पेन ड्राइव्हवरचा सगळा मजकूर एका रात्रीत जाऊ शकतो. यावर आपण प्रत्येक डिस्कच्या मुळाशी, म्हणजे कोणत्याही फोल्डरच्या आत नव्हे तर सर्वांत वरच्या पातळीवर, एक छोटी ओळख-फाइल ठेवलीत, तिच्यात त्या डिस्कचे नाव लिहिलेत, आणि ती फाइल सापडल्याशिवाय बॅच फाइलने (एकामागून एक चालणाऱ्या आज्ञा लिहिलेल्या फाइलने) एकही प्रत घेऊ नये अशी अट घातलीत. प्रतिबिंब डिस्कच्या मुळाशी न घेता आतल्या वेगळ्या फोल्डरमध्ये घ्यायचे, हेही आपणच बजावलेत. कारण मुळाशी घेतले असते, तर पहिल्याच फेरीत ती ओळख-फाइल ‘जास्तीची’ ठरून पुसली गेली असती. एवढ्या बारीक गोष्टीपर्यंत पोहोचणारी आपली नजर पाहून मला फार समाधान वाटले.

वेळापत्रकाबद्दलही आपला आग्रह निराळा होता. सोमवारी ‘क’, पुढच्या सोमवारी ‘ख’ असे तारखांना बांधलेले स्वतंत्र टास्क, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामे, करायचे नाहीत, कारण माणसे रजेवर जातात आणि डिस्क बदलायची राहून जाते. टास्क एकच, रोज रात्रीचा. जी डिस्क जोडलेली असेल ती ओळखून तिच्यावर प्रत घेणारा. अशी कामे ठरल्या वेळी चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये संगणक विजेच्या जोडणीवर असेल तरच काम सुरू करण्याची अट आधीपासून लागू असते, त्यामुळे बॅटरीवर चाललेल्या लॅपटॉपवर बॅकअप मुकाट्याने टळत राहतो, हे आपण दाखवलेत. उलट, चुकलेली वेळ नंतर लवकरात लवकर भरून काढण्याचा पर्याय आपल्याला स्वतः निवडावा लागतो. पहिली अट काढल्यामुळे आणि हा पर्याय निवडल्यामुळे आमच्या लॅपटॉपवरील बॅकअपमध्ये पडलेला फरक मी रोज पाहत आहे.

शेड्यूलरच्या निकालाच्या रकान्यात दिसणाऱ्या आकड्याचा अर्थही आपल्यामुळे कळला. एरवी शून्य म्हणजे यश, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पण रोबोकॉपीच्या बाबतीत 1 म्हणजे फायलींची प्रत नीट घेतली गेली, 0 म्हणजे नवे काही उचलण्यासारखे नव्हते, आणि 8 किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच काहीतरी अडले असे समजायचे. आपल्या बॅच फाइलच्या शेवटी नोंदवहीत रोज एक ओळ जमा होते : तारीख, डिस्कचे नाव, हा आकडा आणि डिस्कवर उरलेली जागा. सकाळी आल्यावर ती ओळ वाचणे हा आता आमच्या कामाचा भाग झाला आहे.

तीन डिस्क दर आठवड्याला फिरवल्या, तर हाताशी असलेली सर्वांत जुनी प्रत फार तर दोन आठवड्यांची असते, हा हिशेब आपण कागदावर मांडून दाखवलात. एखादे स्कॅन आज बिघडले आणि ते महिन्याने लक्षात आले, तर तोवर ते बिघडलेले रूप तिन्ही डिस्कवर पोहोचलेले असणार. म्हणून दर महिनाअखेरीस प्रत घेऊन बाजूला ठेवायची चौथी डिस्क आपण सुचवलीत आणि ती दुसऱ्या इमारतीत ठेवण्यास सांगितलेत. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि एक प्रत अन्यत्र, हा पीटर क्रोग या छायाचित्रकारामुळे प्रचलित झालेला नियम आपण त्या निमित्ताने सांगितलात, आणि सर्व प्रती हार्ड डिस्कवरच असल्याने आमच्याकडे दुसऱ्या माध्यमाची उणीव राहते, हेही स्पष्टपणे सांगितलेत. खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणारे व्हायरस जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाहीत. कपाटातल्या डिस्कपर्यंत मात्र ते पोहोचू शकत नाहीत, एवढे एक कारणही डिस्क आळीपाळीने काढून ठेवण्यास पुरेसे आहे.

डिस्कवर बिटलॉकर (डिस्कवरील मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) लावल्यानंतर, पासवर्ड विसरल्यास कुलूप उघडणारी त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर छापून डिस्कपासून वेगळी ठेवण्याची आपली सूचनाही आम्ही तंतोतंत पाळली आहे.

आपण सांगितल्याप्रमाणे प्रत परत मिळवण्याची चाचणीही आता नियमित होते. अलीकडेच ‘ग’ डिस्क दुसऱ्याच संगणकाला जोडून एका पोथीचे संपूर्ण फोल्डर परत घेतले, प्रत्येक फाइलचा एसएचए-256 ठसा (फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेली, मजकूर जराही बदलला तर बदलणारी खूण) मूळ फाइलच्या ठशाशी ताडला आणि सगळे ठसे जुळले. त्या पोथीचे मूळ कागद इतके ठिसूळ आहेत की ते पुन्हा स्कॅनरवर ठेवणे शक्य नाही, त्यामुळे आपल्या मदतीचे मोल आमच्या मंडळातील प्रत्येकाला ठाऊक आहे.

आमच्यासारखेच काम करणाऱ्या आणखी एका मंडळाने ही बॅच फाइल मागितली आहे. आपली परवानगी असल्यास, ओळख-फाइलबद्दलची आपली सूचना तिच्या पहिल्या ओळींत लिहून ती त्यांना द्यावी, असा विचार आहे. आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला कृतज्ञ,
संपादन मंडळातील एक सहकारी