हस्कीच्या पिल्लाचे पहिले फिरणे कडेवरच असावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलांच्या हट्टापायी अनेक घरांत कुत्र्याचे पिल्लू येते आणि अलीकडे पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये त्यात निळ्या डोळ्यांची सायबेरियन हस्कीची पिल्लेही दिसू लागली आहेत. पिल्लू आले की दुसऱ्याच दिवशी दोरी लावून त्याला खाली फिरवायला नेण्याची जी घाई होते, तिच्याविषयी हे पत्र लिहीत आहे, कारण ती घाई आमच्या घरात एका जिवाला भोवली आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही आठ आठवड्यांची हस्कीची मादी आणली. ‘एक डोस झालाय, बिनधास्त फिरवा,’ असे विकणाऱ्याने सांगितले आणि आम्ही त्याचा शब्द प्रमाण मानला. आमच्या फाटकाजवळच्या गुलमोहराखाली परिसरातली सगळी कुत्री थांबतात, तिथली माती ती रोज मन लावून हुंगत असे. सहाव्या दिवशी तिने खाणे सोडले, रात्री उलट्या सुरू झाल्या आणि पहाटे रक्त पडले. पार्व्हो हा कुत्र्यांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार झाला होता. चार दिवस सलाईन चालले. सुई लावण्यासाठी तिच्या पुढच्या पायावरचे केस काढले होते, तेवढी गुलाबी जागा माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. पाचव्या दिवशी ती गेली.

डॉक्टरांनी त्यानंतर जे समजावले, ते आम्ही आधीच विचारायला हवे होते. पार्व्होचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून जमिनीत उतरतो आणि तिथे कित्येक महिने टिकतो. नेहमीच्या फिनाइलने तो मरेल याचा भरवसा नसतो. पिल्लाला आईच्या चिकातून जे संरक्षण मिळालेले असते, तेच सुरुवातीच्या लसीला निष्प्रभ करू शकते आणि ते नेमके कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळे असते. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिला डोस देऊन पुढे दर तीन-चार आठवड्यांनी तो पुन्हा द्यावा लागतो आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या आधी पुरा झाला असे धरता येत नाही. एका डोसावर पिल्लू निर्धास्त होत नाही, एवढे तरी प्रत्येक घराला ठाऊक असावे.

मात्र याचा अर्थ पिल्लाला चार महिने दाराआड कोंडावे असा मुळीच नाही. आमच्याच इमारतीत एका कुटुंबाने भीतीपोटी तसे केले आणि पाचव्या महिन्यात प्रथमच खाली आणलेले ते पिल्लू रिक्षाचा आवाज ऐकताच जिन्याखाली जाऊन बसले. ते आजही रस्ता ओलांडत नाही. जगाची ओळख सहज पचवण्याचा पिल्लाचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्यापर्यंतचा, म्हणजे नेमका लसीकरणाचाच काळ असतो. पहिल्या लसीनंतर आठवडा उलटला की स्वच्छ जागी आणि लस घेतलेल्या निरोगी कुत्र्यांच्या सहवासात पिल्लाला नेण्यास हरकत नसते, असे प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे पशुवैद्य सांगतात.

दुसऱ्या हस्कीच्या वेळी आम्ही तिला रोज कडेवर घेऊन खाली नेले. भाजीवाल्याची गाडी, शाळेची बस, देवळातली घंटा, हेल्मेट घातलेला माणूस, हे सारे तिने आमच्या खांद्यावरून पाहिले. पाय मात्र सार्वजनिक जमिनीला लागू दिले नाहीत. घरात हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, घालून बैठकीच्या खोलीपासून गॅलरीपर्यंत चालण्याचा सराव याच दिवसांत केला. हस्की ही ईशान्य सायबेरियातल्या चुक्ची लोकांनी बर्फावर गाडी ओढण्यासाठी जोपासलेली जात आहे, त्यामुळे ओढणे तिच्या रक्तातच आहे. दोरी ताणली की आपण जागीच थांबायचे आणि ती सैल झाली की पुढे निघायचे, ही सवय पिल्लू पाच किलोचे असतानाच लावावी, कारण पूर्ण वाढलेला नर पंचवीस किलोंच्या आसपास जातो. शेवटच्या डोसानंतर दोन आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून, आम्ही तिला जमिनीवर सोडले आणि तेही दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटेच. हाडांच्या टोकांची वाढ वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ चालते. तोवर स्कूटरमागे किंवा सायकलसोबत पळवणे म्हणजे तिचे सांधे कायमचे बिघडवण्याचा धोका पत्करणे होय.

उन्हाचे तर सांगायलाच नको. कुत्रे मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करते, त्यात हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात आणि ते भादरले तर उन्हापासूनचा आडोसाही जातो. या जातीचे कुत्रे आपल्या हवेत आणूच नये, असे माझे मत आता झाले आहे. पण घरात आलेल्या पिल्लाचा त्यात काय दोष? एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातच्या आत फिरणे उरकावे आणि संध्याकाळी निघण्यापूर्वी हाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला चटका बसत असेल तर तिच्या पंजांनाही बसतो.

पिल्ले विकणाऱ्यांनी लसीकरणाच्या कार्डावर पुढच्या डोसांच्या तारखा आणि जमिनीवर फिरवण्यास कधी सुरुवात करावी हे मराठीत लिहून द्यावे आणि सोसायट्यांनी कुत्र्यांची विष्ठा मालकांकडून तिथल्या तिथे उचलून घ्यावी, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती करते. आमची दुसरी हस्की अठराव्या आठवड्यात प्रथमच स्वतःच्या पायांनी फाटकाबाहेर गेली, तेव्हा शेजारून रिक्षा गेली. तिने कान टवकारले, क्षणभर पाहिले आणि पुन्हा गवत हुंगू लागली.

कळावे,
आपली एक वाचक, पुणे