भाई, इन्व्हर्टरला हात लावण्याआधी वही उघडायला लावलीत

डिचोली तालुका, गोवा

आदरणीय भाई,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे आभार मानायचे तर ‘देव बरें करूं’ म्हटलं की पुरतं. पण तुम्ही जे दाखवलंत ते तेवढ्यावर सोडलं तर आमच्या वाड्यापुरतंच राहील. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं म्हटल्यावर गावागावांत छपरांवर पॅनेल चढली. पॅनेल पुसायला आपल्याला येतं, नेट मीटरचे आकडे वाचता येतात. पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणाऱ्या इन्व्हर्टरच्या आतलं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, मात्र कोणी समजावून देत नाही. ते तुम्ही समजावलंत, तेही एक पैसा न घेता आणि घाई न करता.

सगळ्यात मोठे आभार मानायचे आहेत ते तुम्ही लगेच अपडेट करायला नकार दिलात त्याचे. इन्व्हर्टर बंद पडतोय म्हटलं की कोणीही सांगतो, ‘अपडेट मारून बघ.’ तुम्ही आधी विचारलंत, स्क्रीनवर नेमकं काय येतं, किती वाजता येतं, आणि आपोआप जातं का? या तीन उत्तरांवरच अर्ध्याहून जास्त घरांचा प्रश्न फर्मवेअरचा नव्हता हे कळलं.

दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’ (लाईनचं व्होल्टेज जास्त) दाखवून इन्व्हर्टर थांबत असेल, तर तो बिघडलेला नसतो, नियमाप्रमाणे वागत असतो. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांत हे आकडे आहेत: २३० व्होल्टच्या ११० टक्के म्हणजे २५३ च्या वर, किंवा ८० टक्के म्हणजे १८४ च्या खाली व्होल्टेज गेलं की २ सेकंदांच्या आत लाईनपासून सुटायचं. फ्रिक्वेन्सी ५०.५ हर्ट्झच्या वर किंवा ४७.५ च्या खाली गेली तर ०.२ सेकंदात सुटायचं. आणि लाईन ठीक झाल्यावरही निदान ६० सेकंद थांबून मगच पुन्हा जोडायचं. अपडेट करून लाईनचं व्होल्टेज उतरत नाही, हे वाक्य तुम्ही किती वेळा सांगितलंत!

त्यावर तुम्ही वायरमनकडून करून घेतलेली मोजणी इथे मुद्दाम देतो, कारण ती कुठल्याही घराला लागू पडेल. एकाच वेळी दोन मल्टिमीटर धरायचे, एक नेट मीटरजवळ, दुसरा इन्व्हर्टरच्या एसी टर्मिनलवर. इन्व्हर्टर बंद असताना दोन्हीकडे २४०. चालू करून भर उन्हात पुन्हा बघितलं तर मीटरजवळ २४३ आणि इन्व्हर्टरजवळ २५४. म्हणजे मधली ११ व्होल्ट घरातल्याच वायरीत. ३ किलोवॅटला साधारण १३ अँपिअर करंट जातो. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर २५ मीटर असली तर जाऊन-येऊन ५० मीटर होते आणि तिच्यात फक्त ३ व्होल्टची वाढ धरायला हवी. उरलेली ८ व्होल्ट कुठे? एमसीबीच्या सैल स्क्रूखाली. ८ व्होल्ट गुणिले १३ अँपिअर म्हणजे १०० वॅटच्या वर उष्णता त्या एका स्क्रूवर. एमसीबीचं प्लास्टिक तिथे पिवळट पडून किंचित फुगलं होतं. त्या दिवशी अपडेट करत बसलो असतो तर ती जागा तशीच तापत राहिली असती. इन्व्हर्टर बंद असतानाच व्होल्टेज २५० च्या आसपास असेल, तर मात्र दोष घरात नाही. तेव्हा दोन-तीन दिवसांचे वेळेसह आकडे लिहून वीज खात्याकडे अर्ज करायचा. आकडे जोडलेला अर्ज वेगळा वाचला जातो.

दुसरी तक्रार पावसाळ्यातली. जूनमध्ये सकाळी ‘आयसोलेशन फॉल्ट’ (वीज जमिनीकडे गळते आहे अशी सूचना) येतो आणि ऊन पडून छप्पर सुकलं की दहाच्या सुमारास निघून जातो. हाही फर्मवेअरचा नाही. डीसी वायरीच्या जोडणीत, बहुतेक वेळा पॅनेलखाली लोंबणाऱ्या एमसी-४ कनेक्टरमध्ये (पॅनेलच्या वायरी जोडणाऱ्या नर-मादी जोडात), पाणी शिरलेलं असतं. कनेक्टर कौलांवर किंवा पत्र्यावर टेकलेले नकोत, वर बांधलेले हवेत, आणि एका कंपनीचा नर दुसऱ्या कंपनीच्या मादीत घातलेला नको; तो बसल्यासारखा वाटतो, पण सील धरत नाही. हे काम छपरावरचं, डीसी बंद करून, माहीतगारानेच करायचं. ५४० वॅटची सहा पॅनेल ओळीत असली तर जवळजवळ ३०० व्होल्ट डीसी उभं असतं आणि ऊन असेपर्यंत ते ‘बंद’ होतच नाही.

हे दोन्ही वगळून जे उरतं ते खरं अपडेटचं काम. ॲपमध्ये नोंदी गायब होतात, बॅटरीची टक्केवारी ९० वरून एकदम ४० वर उडी मारते, इन्व्हर्टरला जोडलेल्या स्मार्ट मीटरशी बोलणं मधेच तुटतं, किंवा कंपनीच्या टिपणातच लिहिलेलं असतं की अमुक आवृत्तीतला अमुक दोष काढला आहे.

मग तुम्ही तीन मेंदूंची गोष्ट सांगितलीत. पॉवर चालवणारा डीएसपी, स्क्रीन आणि संपर्क सांभाळणारा एआरएम, आणि खाली लावलेली वायफायची कांडी म्हणजे लॉगर. तिघांचं फर्मवेअर वेगळं, आवृत्ती वेगळी. लॉगर अपडेट झाला म्हणजे इन्व्हर्टर अपडेट झाला असं नाही. डीएसपी नवा आणि एआरएम जुना राहिला तर दोघांचं आपसात जुळत नाही आणि ‘अंतर्गत कम्युनिकेशन फॉल्ट’ येतो. म्हणून कंपनीने दिलेला क्रम मोडायचा नाही आणि एक पायरी झाली की आवृत्तीचा आकडा बदलला का ते बघूनच पुढची घ्यायची.

आता वहीबद्दल. आम्हाला आधी ते शाळकरी वाटलं होतं. दोनशे पानी वही, पहिल्या पानावर मॉडेल, हार्डवेअर आवृत्ती, डीएसपी, एआरएम, लॉगर. दुसऱ्या पानावर सेटिंग: देशाचा ग्रिड कोड (लाईनला जोडण्याच्या त्या देशाच्या नियमांचा संच), व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीच्या मर्यादा, पुन्हा जोडण्याचा वेळ, लाईनवर पाठवायच्या विजेची मर्यादा, स्मार्ट मीटरचा प्रकार आणि मॉडबस पत्ता (मीटरशी बोलण्याचा क्रमांक), सीटीची म्हणजे करंट मोजणाऱ्या कडीची दिशा, बॅटरीचा प्रोटोकॉल (तिच्याशी बोलण्याची भाषा) आणि चार्जिंगचा करंट. प्रत्येक स्क्रीनचा फोटोही. अपडेटनंतर यातलं काहीही मूळ जागी परत जाऊ शकतं. एका इन्व्हर्टरचा ग्रिड कोड भलत्याच देशाचा झाला होता. वीज तयार होत होती, ॲप हिरवं होतं, पण व्होल्टेजच्या मर्यादा आपल्या नियमाच्या नव्हत्या. वहीचं पान समोर नसतं तर कोणाला कळलं असतं? वहीत नोंदलेली मूल्यं परत घालायला बसवणाऱ्याचा पासवर्ड लागतो. तो बसवणाऱ्याकडूनच मागून घ्यायचा, अंदाजाने मर्यादा वाढवायच्या नाहीत.

अपडेटची वेळ सकाळी साडेनऊ ते बाराची, स्वच्छ ऊन असताना. बॅटरी नसलेला इन्व्हर्टर पॅनेलच्याच विजेवर जागा राहतो. संध्याकाळी सुरू केलं आणि ऊन उतरलं तर लिहिणं अर्ध्यात तुटतं. बॅटरी असेल तर निदान अर्धी भरलेली हवी. गडगडाट असेल, लाईट ये-जा करत असेल, तर त्या दिवशी नाही.

वायफायवर तुम्ही जास्त वेळ घालवलात आणि तो योग्य होता. बहुतेक लॉगर फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. राऊटर दोन्ही बँड एकाच नावाने देत असेल तर ते वेगळे करायचे आणि सुरक्षा डब्ल्यूपीए-२ ठेवायची. आपल्या चिऱ्याच्या जाड भिंती सिग्नल खातात. राऊटर हॉलमध्ये आणि इन्व्हर्टर बलकांवाच्या (पुढच्या ओसरीच्या) बाहेरच्या अंगाला असला तर सिग्नल उणे ७० डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) खाली जातो, तिथे सुरूच करायचं नाही. राऊटर तेवढ्यापुरता लांब वायरीने खिडकीत आणून ठेवायचा. फोनवरून थेट लॉगरला जोडायचं तर फोनचा मोबाईल डेटा आधी बंद. लॉगरच्या वायफायला इंटरनेट नसतं, म्हणून फोन गुपचूप मोबाईल डेटावर सरकतो आणि स्थानिक पान उघडत नाही. पुष्कळ कांड्यांचं हे पान १०.१०.१००.२५४ वर असतं. तिथला ‘ॲडमिन’ हा मूळ पासवर्डही त्याच बैठकीत बदलून टाकायचा.

कांडी काढून पिना बघण्याचं आम्हाला कधी सुचलं नसतं. रबराची चकती एका बाजूने दुमडलेली, आणि आत पितळी पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर. खारी, दमट हवा तेवढ्या फटीतून आत गेली होती. वीज पूर्ण बंद करून, मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, चकती सरळ बसवून कांडी परत लावली आणि ‘ऑफलाईन’ दाखवणारा लॉगर तिथेच बोलू लागला. तो लॉगर बदलायचं कोटेशन आधीच हातात होतं.

पेनड्राइव्हने करायचं तर तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला, ३२ जीबीच्या आतला. एक्सफॅट असेल तर इन्व्हर्टरला फाईल दिसतच नाही. फाईलचं नाव बदलायचं नाही आणि ती कंपनी सांगेल त्याच जागी ठेवायची. दोनदा उतरवली की नावापुढे ‘(१)’ लागतं, तेवढ्यानेही ती नाकारली जाते. आणि फाईल फक्त कंपनीच्या सेवा केंद्राकडून, आपला सीरियल नंबर कळवून घ्यायची. व्हॉट्सॲपवर फिरणारी ‘सेम मॉडेल’ची फाईल घ्यायची नाही, कारण मॉडेलचं नाव एक असून आतलं हार्डवेअर वेगळं असू शकतं. ती चढली तर इन्व्हर्टर उठत नाही, आणि जुनी आवृत्ती परत घालायची सोय बऱ्याच यंत्रांत बंद केलेली असते. मदत मागताना स्टिकरचा फोटो जिथे-तिथे टाकू नये हेही तुमचंच. सीरियल नंबर आणि लॉगरचा कोड दोन्ही त्यावर छापलेले असतात.

टक्केवारी मधेच अडकली की सगळ्यांचा हात स्विचकडे जातो. तो तुम्ही अडवलात. ॲपमधला आकडा थांबला तरी आत लिहिणं चालू असू शकतं. निदान अर्धा तास काही करायचं नाही. त्यानंतरही हालचाल नसेल तर एसी बंद, मग डीसी बंद, बॅटरी असेल तर तीही बंद, आणि स्टिकरवर लिहिलेला वेळ, सहसा ५ ते १० मिनिटं, थांबायचं. आतले कपॅसिटर रिकामे व्हायला तो वेळ लागतो. मग कंपनीच्या पुस्तिकेतल्या क्रमाने चालू करून तीच फाईल पुन्हा द्यायची. बहुतेक यंत्रांत बूटलोडर (फर्मवेअर आत घेणारा छोटा प्रोग्रॅम) शाबूत असतो आणि तो फाईलची वाट बघत बसलेला असतो. दुसऱ्यांदाही जमलं नाही तर तिथे थांबून सेवा केंद्राला मॉडेल, तिन्ही आवृत्त्या, एरर कोड आणि वेळ एकाच मेलमध्ये पाठवायची. ‘इन्व्हर्टर चालत नाही’ एवढंच लिहिलं तर पुढचे चार दिवस त्यांचे प्रश्न आणि आपली उत्तरं यातच जातात.

अपडेटनंतरची तपासणी तुम्ही प्रत्येक घरी केलीत. तारीख-वेळ बरोबर आहे का, प्रत्येक स्ट्रिंगचं (ओळीत जोडलेल्या पॅनेलचं) डीसी व्होल्टेज आधीएवढंच आहे का, वहीतलं प्रत्येक सेटिंग जागेवर आहे का. मग मेन स्विच खाली. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर २ सेकंदांत लाईनवर वीज द्यायची थांबला पाहिजे. खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव त्या दोन सेकंदांवर असतो, म्हणून ही चाचणी कधीच टाळायची नाही, असं तुम्ही म्हणालात तेव्हा सगळे गप्प झाले होते. स्विच वर केला की घड्याळ लावायचं, ६० सेकंदांच्या आत इन्व्हर्टर जोडला गेला तर ग्रिड कोड पुन्हा तपासायचा.

भाई, वही आता प्रत्येक घरात इन्व्हर्टरखाली खिळ्याला, प्लास्टिकच्या पिशवीत अडकवलेली आहे. परवा दोन घरांच्या ॲपवर नव्या अपडेटची सूचना आली. टिपण पूर्ण वाचलं. त्यात फक्त बॅटरीच्या प्रोटोकॉलची दुरुस्ती आहे. दोन्ही घरांत बॅटरी नाही, कुठलाही एरर नाही, आणि चतुर्थी पंधरा दिवसांवर आली आहे. तारीख आणि आवृत्ती वहीत लिहिली आणि सूचना तशीच ठेवली आहे. गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली बसायला या, तेव्हा ती पानं दाखवू.

देव बरें करूं.

आपली,
वाड्यावरची सोलारवाली घरं