सरासऱ्या नकोत, आकडे पाठव

रामबाग, इंदूर

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. पत्र मिळालं. कंपोस्टवाल्या प्लॉटांचा गहू सरासरीनं जास्त उतरला म्हणून तू गावभर सांगत सुटलायस, आणि आता मी त्यावर ‘सिद्ध’ असा शिक्का मारायचा! नाही मारणार, भिया. सगळीकडे एकच खत घातलं असतंस तरी दोन सरासऱ्या तंतोतंत सारख्या आल्या नसत्या. प्लॉटाप्लॉटांत एरवीही जो चढउतार असतो, त्याच्यापुढे हा फरक किती मोठा, ते बघायचं. फरकाला त्याच्या प्रमाणत्रुटीनं, म्हणजे निव्वळ चढउतारामुळे तो फरक साधारण किती हलू शकतो त्या मापानं, भागलं की येतो तो टी.

हे गणित बसवलं विल्यम गॉसेटनं. डब्लिनला गिनेसच्या बिअरच्या कारखान्यात होता तो. तिथे हाताशी नमुने थोडेच, आणि तेव्हाची सूत्रं मोठ्या नमुन्यांसाठी. १९०८ मध्ये त्यानं ‘स्टुडंट’ या टोपणनावानं निबंध छापला. त्यातलं उदाहरण तुझ्या कामाचं आहे. १० रुग्ण, झोपेची दोन औषधं. पहिल्यानं झोप सरासरी ०.७५ तास वाढली, दुसऱ्यानं २.३३. हे दोन वेगळे गट धरले तर टी येतो १.८६ आणि पी, म्हणजे औषधांत काही फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, ०.०८ च्या आसपास. पी ०.०५ च्या खाली हवा, या नेहमीच्या ५ टक्क्यांच्या रेषेवर अडला. पण दोन्ही औषधं घेणारी माणसं तीच होती. म्हणून प्रत्येकाचा स्वतःचा फरक काढायचा: नऊ जणांना दुसऱ्यानं जास्त झोप, एकाला सारखीच. आता टी ४.०६, पी ०.००३ च्या आत. आकडे तेच बरं का! कुणाला औषधं एकूणच जास्त लागू पडतात, कुणाला कमी, हा माणसामाणसांतला फरक तेवढा हिशेबातून गेला.

तुझ्याकडे ओढ्यालगत काळी भारी जमीन, वर टेकाडाला मुरमाड. कंपोस्टचे प्लॉट सगळे ओढ्याकडे असले तर परीक्षा खताची झाली की मातीची? ते कुठलीच चाचणी नंतर सांगू शकत नाही. पुढच्या रब्बीला शेजारशेजारच्या दोन प्लॉटांची जोडी लाव आणि कंपोस्ट कुणाला ते नाणं उडवून ठरव. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डनं कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ इथेच बसवली; निदान गावाच्या नावासाठी तरी प्रयोग नीट कर.

आणखी एक. पी ०.०३ आला म्हणजे कंपोस्ट निरुपयोगी असण्याची शक्यता ३ टक्के, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. कंपोस्टनं काहीच फरक पडत नसता, तरीही एवढा किंवा याहून मोठा फरक ३ टक्के वेळा दिसला असता, इतकाच त्याचा अर्थ. मला तर पीपेक्षा बिघ्यामागे किती किलो वाढले, कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, हे हवंय. त्यात खड्डे भरायची मजुरी तरी निघते का?

तेव्हा प्रत्येक प्लॉटाचं वजन वेगळं लिहून पाठव, सोबत शेताचा कच्चा नकाशा. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
नाना