सूचना : गुरुवारी दुपारी चार्टची बैठक

सगळ्या नर्सिंग सहाय्यक ताई-दादांना,

येत्या गुरुवारी दुपारी 3 वाजता महिला वॉर्डाच्या ड्रेसिंग खोलीत अर्धा तास बसायचं आहे. रात्रपाळीवाल्यांनीही यावं. झोप मोडेल हे कळतं.

गेल्या आठवड्यात एका आजीच्या चार्टवर सलग तीनदा "श्वास 18" लिहिलेलं सापडलं. आजी तर उशीला टेकून धापा टाकत होती! ओरडायला बोलावत नाही, पण तोवर एवढं पाळा:

- श्वास पूर्ण 1 मिनिट मोजा. नाडी धरल्यासारखा हात ठेवा. सांगून मोजलं की माणूस श्वास बदलतो. मोठ्या माणसाचा 12 ते 20 असतो. कमी-जास्त दिसला तर आधी ड्युटीवरच्या सिस्टरला तोंडी सांगा, मग वेळेसकट लिहा.
- "बरा आहे" लिहू नका. "अर्धी भाकर खाल्ली, दोनदा हिरवट उलटी" असं लिहा. लघवी किती झाली ते मिलीलिटरमध्ये लिहा.
- चुकलं तर एक आडवी रेघ, सही, वेळ. व्हाइटनर नको.
- सिकलसेलचं (रक्ताचा आनुवंशिक आजार) पोरगं हाडं ठणकतात म्हणालं तर नाटक समजू नका, लगेच कळवा.
- तेंदूपत्ता तोडून आलेला माणूस बरळत असेल, अंग भाजत असेल, तर नोंद नंतर. आधी सिस्टरला हाक मारा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

येताना सेकंदकाट्याचं घड्याळ आणा.

– इन्चार्ज सिस्टर